जुन्या पिकअपचे मिसिंग: कोड वाचण्यापासून दोष सापडेपर्यंत

इंजिन मिसिंग करू लागले, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटेनासा झाला, पिवळा दिवा लागला, गॅरेजात स्कॅनर लावला, पडद्यावरच्या दोषाच्या कोडच्या ओळीत इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन फवारणारा भाग, हा शब्द दिसला म्हणून इंजेक्टर बदलला आणि आठवड्याभरात तोच दिवा पुन्हा लागला, हा क्रम नाशिक परिसरातील पिकअपमालकांच्या चांगलाच परिचयाचा आहे. पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा किंवा लासलगावला कांद्याचा हंगाम भरात असताना गाडी उभी ठेवणे परवडत नाही, त्यामुळे तपासणीत वेळ घालवण्यापेक्षा सुटा भाग बदलून मोकळे होण्याकडे कल असतो. परंतु कॉमन रेल इंजिनाच्या (ज्यात सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, उच्च दाबाचे डिझेल मिळते) इंजेक्टरची किंमत पाहता चुकीचा भाग बदलण्याची ही घाई हंगामातील कित्येक फेऱ्यांचे भाडे खाऊन टाकते. कोड इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला, काय दिसले ते सांगतो, तसे का दिसले ते सांगत नाही, आणि ते ‘का’ शोधण्याची पुढील पद्धत मुख्यतः साध्या मापांवर उभी आहे. यातील बरीचशी मापे मालकाला किंवा गल्लीतील मेकॅनिकला महागड्या उपकरणांशिवाय घेता येतात.

गाडीत कोड देणारी यंत्रणा आहे का

मेकॅनिकल पंपावर चालणाऱ्या जुन्या डिझेल पिकअपमध्ये ईसीएम नसतेच. तेथे स्कॅनर लावून काही हाती लागत नाही. दोष पंप, नोझल, व्हॉल्व्हचा गॅप आणि कॉम्प्रेशन यांतच शोधावा लागतो. कॉमन रेल डिझेल आणि इंजेक्शनवर चालणाऱ्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांचे तसे नाही. भारत स्टेज ४ ची मानके १ एप्रिल २०१७ पासून देशभर आणि भारत स्टेज ६ ची १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. या दोन तारखांच्या मधल्या काळात विकली गेलेली पिकअप आता जुन्यांत गणली जाते आणि पुढील विवेचन प्रामुख्याने तिच्यासाठी आहे. त्याआधीच्या काही कॉमन रेल गाड्यांनाही निदानाचे सॉकेट असते, मात्र सर्वांशी मोबाइलवर कोड दाखवणारा स्वस्त अडॅप्टर बोलेलच असे नाही. अशा वेळी त्या कंपनीचा प्रोग्राम असलेला स्कॅनर असणारे गॅरेज गाठावे.

हे सॉकेट सोळा पिनांचे असते आणि बहुधा स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला सापडते. त्यातील १६ क्रमांकाच्या पिनवर बॅटरीचा प्लस येतो, तर ४ आणि ५ या पिना अर्थिंगच्या असतात. अडॅप्टर लावल्यावर त्याचा दिवाच लागला नाही, तर तो खराब आहे असे समजण्याआधी मल्टिमीटरने या पिनांवर बॅटरीइतके व्होल्टेज येते का ते पाहावे, कारण गाणी वाजवण्याचे यंत्र किंवा मोबाइल चार्जर जोडताना एखादा फ्यूज उडालेला असण्याची शक्यता बरीच असते.

साहित्य फार लागत नाही. मोबाइलशी जोडला जाणारा अडॅप्टर, डिजिटल मल्टिमीटर, डिझेल सहन करणारा पारदर्शक पाइप, सारख्या मापाच्या चार बाटल्या, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि एक वही एवढे जवळ असले की काम सुरू करता येते. जुन्या पद्धतीचा बल्ब असलेला टेस्ट लॅम्प मात्र सेन्सरच्या किंवा ईसीएमच्या वायरला कधीही लावू नये. तो ओढतो तेवढ्या करंटसाठी ते सर्किट बनवलेले नसते आणि ईसीएमच्या आतले ड्रायव्हर, म्हणजे बाहेरच्या भागांना करंट देणारे घटक, जळू शकतात.

पुसण्याआधी लिहून घ्या

चावी ऑन करून, इंजिन सुरू न करता, कोड वाचावेत आणि प्रत्येक कोड जसाच्या तसा वहीत उतरवावा. दिवा लावणारे पक्के कोड आणि एकदाच दिसलेले, अजून दिवा न लावलेले प्रलंबित कोड वेगळे दाखवले जातात; दोन्ही लिहावेत. आपल्याकडे स्कॅनर लागताच ‘क्लिअर’ दाबण्याची जी सवय पडली आहे, तिच्याइतके नुकसान दुसऱ्या कशाने होत नसेल, कारण कोडसोबत साठवलेली फ्रीझ फ्रेमही त्याच क्षणी पुसली जाते. कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे आरपीएम, गाडीचा वेग, पाण्याचे तापमान, इंजिनावरचा लोड असे आकडे या फ्रेममध्ये असतात आणि निदानाचा अर्धा मार्ग त्यातूनच निघतो.

समजा, मिसफायरचा, म्हणजे मिसिंगचा, कोड आलेल्या एका गाडीच्या फ्रीझ फ्रेममध्ये २४०० आरपीएम, ताशी ३५ किलोमीटर वेग, पाणी ९२ अंश आणि लोड जवळजवळ पूर्ण असे आकडे आहेत. ही गाडी माल भरून चांदवडजवळचा राहुड घाट किंवा कसारा घाट चढत होती असे समजायला हरकत नाही, आणि तपासाची दिशा डिझेलचा पुरवठा, टर्बोची हवा यांकडे वळते. दुसऱ्या गाडीत तोच मिसफायरचा कोड आहे, पण आकडे ८५० आरपीएम, वेग शून्य आणि पाणी ९ अंश असे आहेत. निफाड भागात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो, आणि अशा पहाटे पहिला सेल्फ मारल्यावरच हा कोड आलेला दिसतो. येथे आधी ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारे), बॅटरी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) पाहावे लागेल. कोड एकच असला तरी दोन्ही गाड्यांचे काम एकमेकांशी अजिबात जुळत नाही.

कोडची रचना समजली की घाबरण्याचे कारण उरत नाही. पहिले अक्षर पी असेल तर दोष इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या यंत्रणेतला, सी म्हणजे चॅसीचा, बी म्हणजे बॉडीचा आणि यू म्हणजे संगणकांच्या आपसातील संदेशवहनाचा. त्यानंतरचा अंक शून्य असेल तर तो कोड सर्व कंपन्यांत सारखाच असतो. एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा असतो आणि त्याचा अर्थ इंटरनेटवरच्या सर्वसाधारण यादीत शोधणे धोक्याचे ठरते. पी०३०० म्हणजे एकाहून अधिक सिलिंडरमध्ये अधूनमधून होणारे मिसफायर, तर पी०३०१ ते पी०३०४ यांत शेवटचा अंक सिलिंडरचा क्रमांक दाखवतो. डिझेलमध्ये याऐवजी सिलिंडरचा वाटा कमी पडल्याचे पी०२६३, पी०२६६, पी०२६९ आणि पी०२७२ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरसाठी दिसू शकतात. पी०२०१ ते पी०२०४ हे इंजेक्टरच्या विद्युत सर्किटचे कोड आहेत. त्यांत वायर, कपलर (वायरींचा जोड), इंजेक्टरची कॉइल आणि ईसीएम हे सारेच संशयित असतात, नुसता इंजेक्टर नव्हे.

मिसफायर झाले हे ईसीएमला कसे कळते, हेही ठाऊक असावे. क्रँकशाफ्टसोबत फिरणाऱ्या दातेरी चक्रासमोर एक सेन्सर बसवलेला असतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला क्षणभर धक्का मिळून गती किंचित वाढते. चार सिलिंडरच्या इंजिनात असा धक्का दर १८० अंशांनी यायला हवा. ८०० आरपीएमवर एकेका सिलिंडरची पाळी मिनिटाला ४०० वेळा येते, आणि ज्याच्या पाळीला गती वाढत नाही त्याच्या नावावर मिसफायर लिहिले जाते. म्हणजे ईसीएम आग पाहत नाही, फक्त फिरण्यातली लय पाहते. त्यामुळे ठिणगी नसणे, डिझेल कमी मिळणे, व्हॉल्व्ह नीट न बसणे ही सारी कारणे तिला सारखीच दिसतात, आणि सेन्सरचा कपलर सैल असला किंवा दातेरी चक्राचा दात वाकलेला असला तरीही ती मिसफायरचाच कोड देऊ शकते.

बोनेट उघडल्यावर आधी काय पाहावे

एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम आले असतील, तर प्रत्येकाच्या मागे वेगवेगळे धावू नये. तापमान, हवेचा दाब, रेलचा दाब, अ‍ॅक्सिलरेटर यांचे बरेच सेन्सर ईसीएमकडून येणाऱ्या ५ व्होल्टवर चालतात, आणि त्यांतील एक सेन्सर किंवा एक वायर शॉर्ट झाली की त्या ओळीवरचे इतरही सेन्सर खोटे आकडे देऊ लागतात. अशा वेळी एकेका सेन्सरचा कपलर काढत जावे. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात, तो गुन्हेगार. कोणत्याच कपलरने फरक पडला नाही तर दोष वायरिंगमध्ये आहे.

बॅटरी उभ्या गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट, इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवायला हवी. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली उतरत असेल तर पुढचे काहीही तपासण्याआधी बॅटरीचा बंदोबस्त करावा. अर्थिंगची तपासणी मात्र डोळ्यांनी होत नाही. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या जागी, टेकवून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. मीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर इंजिन आणि बॅटरी यांमधला अर्थिंगचा पट्टा गंजलेला किंवा सैल आहे. वरून घट्ट दिसणारा हा पट्टा बोल्टखाली कित्येकदा पांढऱ्या-हिरव्या थराने भरलेला निघतो आणि पट्टा काढून पत्रा घासला की अर्धे कोड तेथेच संपतात.

नाशिकच्या गाड्यांना तीन गोष्टी विशेष छळतात. द्राक्षांचा हंगाम संपल्यावर शेडमध्ये महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या पिकअपच्या वायरी उंदीर कुरतडतात. इंजेक्टरकडे जाणारी वायरिंगची वेणी तिच्या काळ्या नळीसकट चाचपून पाहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही. दुसरे, वॉशिंग सेंटरवर प्रेशरने इंजिन धुतल्यानंतर किंवा इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या पावसात राबल्यानंतर कपलरांत पाणी शिरते. कपलर उघडल्यावर पितळी पिनेवर हिरवट पावडर किंवा आतल्या रबरी सीलवर ओल दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून, वाळवून, पिन आत ढकलली गेलेली नाही ना हे पाहून तो पुन्हा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवावा. पिनेवर पॉलिश पेपर घासू नये, त्याने वरचा मुलामा निघून जातो. तिसरी गोष्ट हौद्याच्या वेल्डिंगची. जाळी किंवा फाळका वेल्डिंग करताना बॅटरीची दोन्ही टर्मिनल काढावीत आणि ईसीएमचा कपलरही सोडवावा, हे वेल्डिंगवाल्याला सांगूनही तो ‘काही होत नाही’ म्हणतो, तेव्हा ते काम स्वतः उभे राहून करून घ्यावे.

डिझेल पिकअप: दाबाचा हिशेब

कॉमन रेल इंजिनात सर्व इंजेक्टरांना एकाच रेलमधून डिझेल मिळते आणि आयडलिंगला या रेलमध्ये साधारण २५० ते ३५० बार दाब असतो. लोडवर तो अनेक पटींनी वाढतो. स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये ईसीएमने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब असे दोन आकडे शेजारी ठेवावेत. गाडी चालवताना मागितलेला दाब चढत जातो आणि मिळालेला दाब मध्येच अडून खाली राहतो, असे दिसले की पी००८७, म्हणजे रेलचा दाब कमी पडल्याचा कोड, कसा आला ते आपल्या डोळ्यांसमोर उलगडते. चालकाने स्वतः मोबाइलकडे पाहू नये. शेजारी बसलेल्याने रेकॉर्डिंग करावे.

दाब कमी पडण्याची स्वस्त कारणे पंपाच्या आधी असतात. डिझेल फिल्टर कधी बदलला हे आठवत नसेल तर तो बदलावा, आणि बदलण्याआधी त्याच्या तळाचा ड्रेन सोडून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घ्यावे. बाटली काही वेळ न हलवता ठेवून दिली तर पाणी खाली बसते आणि वरच्या डिझेलशी त्याची स्पष्ट रेघ दिसते. ड्रममध्ये साठवलेले डिझेल वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या गाड्यांत हा प्रकार जास्त आढळतो. पाण्यावर चाललेल्या पंपाचे आणि इंजेक्टरचे आतले गुळगुळीत पृष्ठभाग ओरखडतात, आणि मग फिल्टरच्या किमतीत सुटणारे काम पंपावर जाते.

यानंतर गाडी एअर घेते का ते पाहावे. फिल्टरपासून पंपाकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या रबरी पाइपच्या जागी पारदर्शक पाइपचा तुकडा क्लिपने घट्ट बसवावा, हातपंपाने एअर काढून इंजिन सुरू करावे आणि पाइपकडे उजेडात पाहावे. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे निघून गेल्यावर डिझेल काचेसारखे स्वच्छ धावायला हवे. मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ सतत येत राहिली, किंवा आरपीएम वाढवल्यावर पाइपमध्ये फेस दिसू लागला, तर टाकीपासून पंपापर्यंत कुठेतरी हवा ओढली जात आहे: फिल्टरच्या झाकणाचे रबर, तडा गेलेला प्लास्टिक जोड, टाकीच्या वरचा पाइप. या मार्गात पंप डिझेल ओढून घेत असेल तर बाहेर गळती दिसत नाही, कारण हवा आत जाते, डिझेल बाहेर येत नाही. म्हणूनच जमिनीवर थेंब नाही म्हणून हा दोष नाकारणे चूक ठरते.

पुरवठा स्वच्छ असूनही दाब पडत असेल तर रिटर्न टेस्ट, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारे डिझेल मोजण्याची चाचणी, करावी. कोणता इंजेक्टर झिजला आहे हे सांगणारी इतकी स्वस्त आणि इतकी खात्रीची दुसरी चाचणी नाही. इंजिन बंद करून, रेलमधील दाब उतरायला पुरेसा वेळ देऊन, चारही इंजेक्टरांचे रिटर्नचे बारीक पाइप काढावेत आणि त्यांच्या जागी सारख्या लांबीचे पारदर्शक पाइप लावून प्रत्येक पाइप आपापल्या बाटलीत सोडावा. मूळ रिटर्न लाइनचे तोंड बंद करावे. इंजिन गरम असताना आयडलिंगवर काही मिनिटे चालवून बंद केले की चारही बाटल्या एका ओळीत ठेवाव्यात. तीन बाटल्यांत जवळपास सारखी पातळी आणि चौथीत दुपटीहून अधिक डिझेल असेल, तर त्या इंजेक्टरच्या आत दाब निसटतो आहे. चारही बाटल्यांत सारखेच आणि भरपूर डिझेल असेल तर चारही झिजले असण्याची शक्यता असते. मात्र इंजिन सुरू न होता नुसते सेल्फवर फिरत असतानाच एखाद्या बाटलीत डिझेल वेगाने उतरू लागले, तर त्या एका इंजेक्टरमुळेच गाडी सुरू होत नसेल.

येथे एक गंभीर इशारा द्यायलाच हवा. मेकॅनिकल पंपाच्या काळात सुरू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते ओळखत असत, आणि द्वारका ते आडगाव नाका या पट्ट्यातील जुन्या फिटरांचा हात त्यात तयार होता. कॉमन रेल इंजिनावर ही पद्धत प्राणघातक ठरू शकते. शेकडो बार दाबाने निघालेली डिझेलची बारीक चिळकांडी कातडी भेदून थेट शरीरात शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत ऊतींची हानी होत राहते, त्यामुळे दुखत नसले तरी तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे लागते. गळती शोधायला हात फिरवू नये, पुठ्ठा धरावा.

सिलिंडर ओळखण्याचे काम स्कॅनरवरील सिलिंडर बॅलन्स किंवा कट-आउट चाचणीवर सोडावे. त्यात ईसीएम प्रत्येक सिलिंडरला किती कमी-जास्त डिझेल देऊन लय सांभाळते ते दिसते, आणि एका सिलिंडरचे डिझेल बंद केल्यावर आवाजात काहीच फरक पडला नाही तर तो सिलिंडर आधीपासूनच मेलेला असतो. इंजेक्टरचा कपलर सुरू इंजिनावर हाताने ओढणे टाळावे, कारण इंजेक्टर उघडण्यासाठी ईसीएम बॅटरीपेक्षा बरेच जास्त व्होल्टेज देते. बंद पडलेला सिलिंडर ओळखण्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटरही उपयोगी पडतो: थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात सायलेन्सरकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डच्या चार तोंडांचे तापमान घेतले तर मेलेल्या सिलिंडरचे तोंड स्पष्टपणे थंड निघते. करोनाच्या काळात घरोघरी आलेले कपाळावर धरायचे थर्मामीटर या कामाचे नाहीत. ते अंगातल्या तापापुरतेच मोजतात.

दोषी इंजेक्टर ठरला की लगेच नवा घेण्याची गरज नसते. डिझेल इंजेक्टर आणि नोझल बनवणारा बॉशचा कारखाना, म्हणजे लोकांच्या तोंडचे मायको, सातपूरलाच असलेल्या या शहरात टेस्ट बेंच असलेले दुकान शोधायला फार हिंडावे लागू नये. इंजेक्टर बेंचवर तपासून घ्यावा आणि आकड्यांचा छापील अहवाल मागावा. नवा किंवा दुसरा इंजेक्टर बसवल्यावर त्याच्या अंगावर कोरलेला कोड स्कॅनरने ईसीएममध्ये भरावा लागतो, कारण प्रत्येक इंजेक्टर कारखान्यातून किंचित वेगळ्या मापाचा निघतो आणि त्या फरकाचा हिशेब ईसीएम याच कोडवरून करते. हा टप्पा वगळला तर इंजेक्टर चांगला असूनही आयडलिंग खडखडते आणि धूर येतो. बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवाच टाकावा.

धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: एअर फिल्टर तुंबला, टर्बोचा रबरी पाइप फाटला किंवा ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारा) उघडाच अडकला. टर्बोच्या पाइपवर क्लिपजवळ तेलकट ओला पट्टा दिसला तर फाट तेथेच असते. थंडीत सुरू होताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर आणि मिसिंग, आणि इंजिन तापल्यावर दोन्ही गायब, असे असेल तर ज्या इंजिनाला ग्लो प्लग आहेत तेथे ते आधी तपासावेत. पाणी कमी होत असताना येणारा पांढरा धूर मात्र हेड गॅस्केटकडे बोट दाखवतो. ईजीआरला पत्रा मारून बंद करण्याचा सल्ला ठिकठिकाणी मिळतो; तो प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही, शिवाय पुढच्या वेळी कोड वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

पेट्रोल-सीएनजी पिकअप

लहान सीएनजी पिकअपमध्ये पहिली चाचणी फुकट आहे: गाडी पेट्रोलवर चालवून पाहणे. पेट्रोलवर गुळगुळीत आणि सीएनजीवर झटके, असे असेल तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर किंवा ठिणगी यांत दोष आहे. ठिणगीचे नाव येथे यावे याचे कारण असे की सीएनजीचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, आणि थकलेली कॉइल किंवा झिजून गॅप वाढलेला प्लग पेट्रोलवर कसाबसा निभावतो, सीएनजीवर चढाला दगा देतो.

पी०३०२ आला असेल तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावून कोड पुसावा आणि गाडी चालवावी. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. पी०३०२ च राहिला तर हीच अदलाबदल प्लगची करावी. प्लग काढल्यावर त्याच्या पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी टोकाऐवजी बाहेरून उडत होती असे समजावे आणि कॉइलचे रबरी बूटही बदलावे. कॉइल-प्लग दोन्ही निर्दोष ठरले आणि मिसिंग फक्त गरम इंजिनावर आयडलिंगला होत असेल, तर व्हॉल्व्हचा गॅप तपासावा. कोरड्या वायूवर सतत चालणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्हची बैठक झिजून गॅप बंद होत जातो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन पडते. गॅसच्या जोडांची गळती साबणाच्या फेसाने तपासावी. गॅसची टाकी, तिचा व्हॉल्व्ह आणि उच्च दाबाची नळी अधिकृत केंद्राकडेच सोपवावी. पिवळा दिवा चमकू लागला, म्हणजे पेटून-विझून इशारा देऊ लागला, तर पेट्रोल-सीएनजी गाडी तशीच दामटू नये. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो वितळतो.

अधूनमधून येणारा दोष

गाडी तापल्यावर चालता चालता बंद पडते, अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू होते आणि पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोड सापडतो, हा प्रकार सर्वाधिक वैताग देतो. गाडी बंद पडलेली असतानाच लाइव्ह डेटामध्ये आरपीएम पाहत सेल्फ मारावा. स्टार्टर इंजिन फिरवतो आहे आणि पडद्यावर आरपीएम शून्यच आहे, असे दिसले तर सेन्सरचा संदेश येत नाही हे ठरले; मग वायरिंगला हात लावून हलवताना आकडा येतो का, सेन्सरच्या टोकावर लोखंडी कीस चिकटला आहे का, हे पाहून शेवटी सेन्सर बदलावा. गाडी थंड झाल्यावर गॅरेजात ही तपासणी करून उपयोग नसतो, तेव्हा सगळेच आकडे चांगले येतात.

तापमानाचा सेन्सर पडताळण्यासाठी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी सकाळी ऑन करावी. पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान बाहेरच्या हवेच्या जवळपास असायला हवे. पाण्याचे तापमान उणे ४० दाखवत असेल तर नाशिकला तेवढी थंडी पडलेली नाही, सेन्सरचे सर्किट तुटलेले आहे.

दुरुस्तीनंतर

काम झाल्यावरच कोड पुसावेत आणि वहीतील फ्रीझ फ्रेमचे आकडे समोर ठेवून गाडी त्याच परिस्थितीत चालवावी: दोष चढावर आला होता तर माल भरून चढावर, थंड सुरुवातीला आला होता तर पहाटे. गंगापूर रोडवर रिकामी गाडी फिरवून आणल्याने घाटातला दोष गेला की नाही हे कळत नाही. फेरीनंतर प्रलंबित कोड पुन्हा वाचावेत. दिवा लागलेला नसला तरी त्या यादीत तोच क्रमांक परतलेला असेल तर काम अपुरे आहे. इंधन, हवा, ठिणगी आणि वायरिंग तपासून झाल्यावरही एकाच सिलिंडरचा कोड चिकटून राहिला, तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. डिझेलसाठी डिझेलचाच गेज लागतो, पेट्रोलचा गेज त्या दाबाला टिकत नाही. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत आणि एकच सिलिंडर बराच खाली असेल तर हेड उतरवण्याचा निर्णय त्या आकड्यावर घ्यावा. आकडा हातात नसताना हेड उतरवायला परवानगी देऊ नये.